प्रकल्प नोंदी: पर्ड्यू, १६ मार्चच्या रात्रीपर्यंत

३० नोव्हेंबर २०२४, शनिवार

भाचा थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीला आमच्याकडे, ओहायोतल्या कोलंबसला आलाय. इथूनच काही तासांवर एका छोट्या कॉलेजात शिकतो. डिव्हिजन तीनमधलं कॉलेज, म्हणजे खेळासाठी शिष्यवृत्ती नाही. तो बास्केटबॉल संघाचा स्टुडंट मॅनेजर आहे. आतापर्यंत टॉवेल, पाण्याच्या बाटल्या, सरावाचं घड्याळ आणि ट्रायपॉडवरचा कॅमेरा एवढंच त्याच्याकडे होतं. आता सहायक कोचने सांगितलंय की जानेवारीतल्या एका प्रतिस्पर्ध्याचा स्काउट, म्हणजे त्यांचा खेळ अभ्यासून केलेला रिपोर्ट, तू बनव.

"मामा, तू युनिव्हर्सिटीकडून खेळलायस ना? मग सांग, सुरुवात कुठून करू?"

आम्ही सांगलीत सिमेंटच्या कोर्टावर खेळायचो. समोरच्या संघाची माहिती म्हणजे "तो उंच पोरगा डावखुरा आहे, जपून" इतकीच असायची. ते याला काय सांगणार? पण गेली बरीच वर्षं इथलं कॉलेज बास्केटबॉल बघतोय आणि आकड्यांचं काम पोटापाण्यासाठीच करतो. मी म्हटलं, आधी एक जुना सामना घेऊ. तो अजून व्हायचाय असं धरून रिपोर्ट लिहू. हात बसला की मग तुझा प्रतिस्पर्धी.

सामना ठरला: १७ मार्च २०२३, नेशनवाइड अरीना, कोलंबस. कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेतली लढत, १ मानांकित (सर्वांत वरचं) पर्ड्यू विरुद्ध १६ मानांकित (सर्वांत खालचं) फेअरली डिकिन्सन, म्हणजे एफडीयू. आम्ही बसणार एफडीयूच्या बाकावर.

अट एकच. १६ मार्चच्या रात्रीपर्यंत जे कळू शकत होतं तेवढंच वापरायचं. निकाल दोघांनाही पाठ आहे, त्यामुळे रिपोर्टातल्या प्रत्येक वाक्यासमोर त्याआधीच्या एखाद्या सामन्याचा पुरावा हवा. पुरावा नसेल तर वाक्य खोडायचं, मग ते कितीही खरं ठरलेलं असो.

१ डिसेंबर, रविवार

आधी आपला संघ. एफडीयू न्यू जर्सीतलं, टीनेकचं. (एडिसनला राहणाऱ्या माझ्या मित्राला, हे कॉलेज आपल्यापासून तासाभरावर आहे हे त्या सामन्याच्या रात्री कळलं.) आदल्या हंगामात ४ विजय, २२ पराभव. मग टोबिन अँडरसन कोच म्हणून आले, डिव्हिजन दोनमधल्या सेंट थॉमस अ‍ॅक्वायनस कॉलेजातून. येताना तिथले खेळाडूही घेऊन आले. त्यातला रॉबर्ट्स ५ फूट ८ इंच, सिंगलटन ५ फूट ९. डिव्हिजन एकच्या ३६३ संघांत सरासरी उंचीने सर्वांत बुटका संघ हाच. आपल्या लीगच्या अंतिम सामन्यात मेरिमॅककडून ६७-६६ हरले. पण मेरिमॅक नुकतंच डिव्हिजन दोनमधून वर आलेलं, नियमाने त्यांना राष्ट्रीय स्पर्धेत जाता येत नव्हतं, म्हणून जागा एफडीयूला.

समोर पर्ड्यू: २९ विजय, ५ पराभव, बिग टेन ही त्यांची लीग, तिचं साखळी विजेतेपद आणि शेवटची स्पर्धा दोन्ही जिंकलेलं. मध्यभागी झॅक ईडी, ७ फूट ४ इंच, सामन्यामागे २२ गुण आणि १३च्या आसपास रीबाउंड (चुकलेले शॉट पकडणं). १ विरुद्ध १६ या लढतींचा तोपर्यंतचा हिशेब: १ मानांकितांचे १५० विजय, १ पराभव. तो एक पराभव २०१८चा, यूएमबीसीने व्हर्जिनियाला ७४-५४ असं हरवलं तो.

वेळ किती? एफडीयू बुधवारी, १५ मार्चला डेटनमध्ये टेक्सस सदर्नविरुद्ध खेळलं आणि ८४-६१ जिंकलं. पर्ड्यूशी गाठ शुक्रवारी संध्याकाळी. हातात एक गुरुवार. त्यातही प्रवास, झोप आणि पत्रकार परिषद.

भाच्याचा प्रश्न: "मग कोणीतरी आधीच जाऊन पर्ड्यूचा सामना बघून यायचा ना?" जाता येत नाही. डिव्हिजन एकमध्ये त्याच हंगामात पुढे भेटणाऱ्या संघाचा सामना बाहेर जाऊन प्रत्यक्ष बघायला एनसीएएची (कॉलेज खेळांची नियामक संस्था) १९९४पासून बंदी आहे. २०२३च्या शरद ऋतूत मिशिगनच्या फुटबॉल संघावरून जो गदारोळ झाला तो याच नियमाचा. एकाच ठिकाणच्या स्पर्धेत त्याच दिवशी खेळणाऱ्यांना सूट असते, बाकी सगळं व्हिडिओवर. म्हणून सहायक कोच प्रतिस्पर्धी आपसांत वाटून घेतात आणि कोण समोर येईल हे नक्की व्हायच्या आत क्लिप कापायला बसतात.

७ डिसेंबर, शनिवार

फोनवर स्क्रीन शेअर करून काम चाललंय. शीट तयार केली. एक ओळ म्हणजे एक पझेशन, चेंडू एका संघाकडे आल्यापासून सुटेपर्यंत. रकाने: चेंडू कोणी आणला, मधली रेषा ओलांडताना शॉट क्लॉकवर (शॉट घ्यायची मुदत मोजणारं घड्याळ) किती उरले होते, पोस्टमध्ये (रिंगजवळच्या जागेत) पास गेला का आणि कोणत्या बाजूने, मदतीला बचावपटू कुठून आला, पुढचा पास कोणाला, शेवट काय. शॉट क्लॉक ३० सेकंदांचं असल्याने दुसरा रकाना फार बोलका निघतो.

भाच्याला आधी सगळे आकडे हवे होते. इंटरनेटवर ढिगाने मिळतात, आकडेतज्ज्ञ केन पॉमरॉयच्या साइटवर तर एका संघाचंच पान डोळे फिरवतं. मी त्याला विश्लेषक डीन ऑलिव्हरचे चार घटक धरायला लावलं: शॉटची परिणामकारकता, टर्नओव्हर (शॉटआधीच चेंडू गमावणं), आक्रमक रीबाउंड, फ्री थ्रो मिळवणं. ऑलिव्हरच्या हिशेबात त्यांचं वजन साधारण ४०, २५, २०, १५. पझेशन मोजायची रीतही लिहून दिली: शॉट, वजा आक्रमक रीबाउंड, अधिक टर्नओव्हर, अधिक फ्री थ्रोच्या ०.४७५ पट. कॉलेजसाठी ०.४७५, एनबीएसाठी ०.४४ धरतात.

हे चार आकडे एका कागदावर मांडले की पर्ड्यूचं चित्र उभं राहतं. संथ खेळतात. स्वतःचे चुकलेले शॉट परत मिळवण्यात देशात अगदी वर. थ्री (दुरून टाकलेले तीन गुणांचे शॉट) मात्र बेताच्या, ३२ टक्क्यांच्या आसपास, आणि एवढ्या बलाढ्य संघासाठी हा आकडा डोळ्यांत खुपणारा आहे. बचावात फाउल फारसे करत नाहीत, पण समोरच्याचा चेंडूही हिसकावत नाहीत.

शेवटचा मुद्दा भाच्याने सोडून दिला होता. मी तो अधोरेखित केला. ५ फूट ८ इंचाच्या गार्डला जो संघ चेंडू आणताना त्रास देत नाही, त्याच्याविरुद्ध तो गार्ड रात्रभर निवांत ड्रिबल करू शकतो. छोट्या संघांचा मोठ्यांसमोर बोऱ्या वाजतो तो बहुतेक वेळा तिथेच. इथे ते भय कमी.

८ डिसेंबर, रविवार

पाच पराभव मांडले. २ जानेवारीला रटगर्सकडून घरच्या मैदानात ६५-६४. ४ फेब्रुवारीला इंडियानाकडून ७९-७४. १२ला नॉर्थवेस्टर्न ६४-५८, १६ला मेरिलँड ६८-५४. २५ला पुन्हा इंडियाना, ७९-७१.

हरलेले सामने आधी बघायचे ही सगळ्यांचीच सवय. पण विजयही बघावा लागतो, खास करून निसटता. १२ मार्चचा बिग टेनचा अंतिम सामना काढला. ईडीचे ३० गुण, पर्ड्यू आरामात पुढे, आणि शेवटच्या काही मिनिटांत पेन स्टेटने आघाडी खाऊन टाकली. संपला ६७-६५. एफडीयूच्या स्काउटसाठी आख्ख्या हंगामातली ही सर्वांत महत्त्वाची काही मिनिटं, आणि तीही ताजी, पाच दिवसांपूर्वीची. दबाव आला की चेंडू कोणाच्या हातात असतो? फ्रेशमन गार्डांच्या. ब्रेडन स्मिथ आणि फ्लेचर लॉयर, दोघेही पहिल्या वर्षाचे.

१४ डिसेंबर, शनिवार

आज पूर्ण दिवस ईडीवर गेला.

त्याचं काय करायचं याची उत्तरं मोजकीच आहेत. एक: मागे एकच माणूस ठेवा, दोन-दोन गुण सोसा, बाकी चौघांना आपापल्या माणसाला चिकटू द्या. दोन: चेंडू त्याच्या हातात पडला की दुसरा माणूस धाडा. तीन: चेंडू पडूच देऊ नका, एक जण समोर उभा, एक जण पाठीशी, आणि पास टाकणाऱ्याच्या तोंडावर तिसरा. शेवटच्या प्रकारात चेंडूपासून लांब एक शूटर मोकळा राहतो. सगळी गंमत आणि सगळी भीती तिथेच.

इथे कॉलेजचा एक नियम उपयोगी पडतो. एनबीएमध्ये बचावपटूला कोणाला न धरता पेंटमध्ये (रिंगखालच्या रंगवलेल्या चौकोनात) तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही. कॉलेजात बचावासाठी असा नियमच नाही. ईडीच्या पाठीशी एक जण अख्खं पझेशन तळ ठोकून उभा राहिला तरी पंच काही म्हणणार नाही. भाच्याला हे माहीत नव्हतं, कारण तो एनबीए बघत मोठा झालाय.

नॉर्थवेस्टर्नचा सामना यासाठीच बघायचा. ते पोस्टमध्ये चेंडू जाताच दुसरा माणूस सोडणारे. ईडीसारखा माणूस दोघांच्या डोक्यावरून पास टाकू शकतो, पण त्याला तो विचार करावा लागतो, आणि तेवढ्यात बाकीचे आपापल्या जागी परततात. कबड्डीत कोपरा आणि कव्हर एका हाताने जोडलेले असतात तसं हे: एक पुढे सरकला की दुसऱ्याने त्याच क्षणी सरकायचं, मागून बघून सरकला तर संपलं.

भाचा म्हणाला, "मग तिसरा पर्याय. ठरलं."

मी म्हटलं, थांब, १ फेब्रुवारी बघ. त्या दिवशी पेन स्टेटविरुद्ध पर्ड्यूच्या मेसन गिलिसने एकट्याने ९ थ्री टाकल्या आणि पर्ड्यू ८०-६० जिंकलं. ईडीभोवती तिघांना उभं करायचं म्हणजे गिलिसला मोकळं सोडायचं. तो दिवस पुन्हा उगवला तर अर्ध्या वेळेलाच खेळ खलास. रिपोर्टात हे झाकून ठेवायचं नाही.

इथून पुढचं काम मला स्पष्ट झालं आणि त्यालाही सांगितलं. समोरच्याकडे काय काय आहे याची यादी कोणीही करेल. कोचला हवं असतं ते वेगळं: यातलं आपण त्यांना काय देणार आहोत? सगळं अडवता येत नाही. जो रिपोर्ट सगळं अडवा म्हणतो तो खेळाडूंना काहीच सांगत नाही. म्हणून पानाच्या डोक्यावर एकच ओळ: काय सोडायचं. बाकी सगळं तिच्याखाली.

आमची ओळ: ईडीला चेंडू मिळू द्यायचा नाही. बदल्यात बाहेरचे शॉट सोडायचे, पण कोणाचे सोडायचे ते नावानिशी.

१५ डिसेंबर, रविवार

नावानिशी म्हणजे शूटरांची वर्गवारी. क्लोजआउट (चेंडू मिळालेल्या शूटरकडे जाऊन त्याला अडवणं) कसा करायचा यावर तीन गट केले. पहिल्याच्या अंगावर धावत जायचं, हात वर, तो ड्रिबल करून आत गेला तर चालेल. दुसऱ्यासमोर हातभर अंतरावर थांबायचं. तिसऱ्याला सोडून द्यायचं, त्याने टाकला तर आपल्या माणसाने वळून रीबाउंडसाठी अंग लावायचं. गिलिस पहिल्यात. लॉयरवरून वाद झाला. नाव मोठं, हंगामाच्या सुरुवातीची ख्याती मोठी, पण शेवटच्या काही आठवड्यांत हात थंडावलेला. भाचा म्हणे तिसऱ्यात टाक. मी दुसऱ्यात ठेवला. ज्याला मुळात शॉट टाकता येतो त्याला मोकळं सोडणं ही चैन मला परवडत नाही.

मग प्रेस. फुल कोर्ट प्रेस म्हणजे पूर्ण मैदानभर चेंडूवाल्यावर दबाव, आणि त्याचा हेतू दर वेळी चेंडू चोरणं हाच असतो असं नाही. पर्ड्यूला मधली रेषा ओलांडायला दहा सेकंदांतले आठ लागले, तर पोस्टमध्ये पास टाकायला घड्याळावर बावीसच उरतात. ईडी आक्रमणाच्या टोकापर्यंत पोचून, अंग लावून, जागा घेऊन चेंडू मागतो. ते सगळं दोन-तीनदा करायला वेळ मिळाला तर तो कधी ना कधी चेंडू मिळवतोच. वेळ कापायचा. परवाचा "शॉट क्लॉकवर किती उरले" हा रकाना इथे कामी आला.

शिवाय ७ फूट ४ इंचाच्या माणसाला चाळीस मिनिटं इकडून तिकडे पळवायचं. तो मैदानावर ३२ मिनिटांच्या आसपास असतो. त्याची हवा काढणं हेही प्रेसचंच काम.

२१ डिसेंबर, शनिवार

पान लिहायला घेतलं. भाच्याचा पहिला मसुदा आठ पानांचा. सगळं बरोबर, सगळं मेहनतीने केलेलं, आणि उपयोग शून्य. बुधवारी रात्री एक सामना खेळून दमलेला एकोणीस वर्षांचा पोरगा गुरुवारी आठ पानं वाचेल का? कोचसाठी आठ पानं ठीक, खेळाडूसाठी एक. त्या एका पानातलं जे मैदानावर चालून दाखवता येत नाही ते बहुधा लक्षातही राहत नाही. म्हणून तर स्काउट टीम असते: बाकावरची, वॉक-ऑन (शिष्यवृत्तीशिवाय संघात आलेली) पोरं समोरच्या संघाचे डाव बसवतात, त्यांच्या नंबरांच्या बंड्या घालतात आणि मुख्य संघाविरुद्ध खेळून दाखवतात.

पण ईडी कोण होणार? सर्वांत बुटक्या संघाच्या सरावात ७ फूट ४ इंचाचा माणूस आणायचा कुठून? सरावात कोणी झाडू उंच धरतं, कोणी गादीची ढाल घेऊन अंगावर येतं. त्याने शॉट अडवण्याचा अंदाज येतो, वजनाचा येत नाही. रिपोर्टात मी एक ओळ टाकली: "पहिली पाच मिनिटं तो आणखी उंच वाटेल. वाटू दे."

आक्रमणाकडे जागा कमी दिली, दोनच गोष्टी लिहिल्या. पिक-अँड-रोल (सहकारी आडोसा, म्हणजे स्क्रीन लावतो आणि गार्ड त्यावरून सुटतो तो डाव) आला की ईडी मागे, रिंगजवळ थांबतो. तेव्हा गार्डने स्क्रीनवरून वळताच समोर जी मोकळी जागा दिसते तिथे थांबून शॉट घ्यायचा, आत घुसून त्याच्या हातावर चेंडू आदळायचा नाही. दुसरं, आपला फॉरवर्ड अल्मोनॉर बाहेरून थ्री टाकतो, त्याला कोपऱ्यात आणि वर ठेवायचं. ईडी त्याच्यामागे बाहेर आला तर रिंग मोकळी, नाही आला तर शॉट मोकळा.

ताईचा फोन आला मध्येच. "अरे, त्याच्या परीक्षा झाल्या म्हणून खेळायला देतोयस का त्याला?" म्हटलं, ताई, हा खेळत नाहीये, हा लिहितोय. तिला पटलं नाही.

२२ डिसेंबर, रविवार

आता पान मिटलं आणि निकाल उघडला: एफडीयू ६३, पर्ड्यू ५८. मध्यंतराला एफडीयू ३२-३१ पुढे.

आकडे आमच्या पानाशेजारी ठेवले. पर्ड्यू ५३पैकी १९, थ्री २६पैकी ५, टर्नओव्हर १६. ईडीचे २१ गुण आणि १५ रीबाउंड. त्याने ११ शॉट घेतले, ७ गेले. म्हणजे बाकीच्या सगळ्यांनी मिळून ४२पैकी १२. थ्री आणि दोनचे शॉट एका मापाने मोजायचा जो आकडा, इफेक्टिव्ह फील्ड गोल, तो पर्ड्यूचा ४०.६ टक्के येतो. एफडीयूचाही काही दिवे लावणारा नाही: ६०पैकी २३, थ्री २३पैकी ७, म्हणजे ४४.२. दोन्ही संघांनी वाईट शॉट मारले, एकाने जरा कमी वाईट.

माझ्या डोळ्यांत भरतो तो ११. शेवटच्या नऊएक मिनिटांत त्या वर्षीच्या देशातल्या सर्वोत्तम खेळाडूने एकही शॉट घेतला नाही. त्याने सोडला नाही, त्याला मिळाला नाही. हरवायचं होतं ते त्याला नव्हतंच, त्याच्यापर्यंतच्या वाटेला.

भाचा लगेच, "मग आपला रिपोर्ट बरोबर!"

नाही म्हटलं तरी थोडा. २६पैकी ५च्या जागी ९ गेल्या असत्या, म्हणजे पर्ड्यूच्या त्या हंगामातल्या सरासरीच्या जरासं वर, तर बारा गुण वाढले असते आणि आमचं हेच पान मूर्खपणाचा नमुना म्हणून दाखवलं गेलं असतं. योजना बरोबर होती असं मी म्हणेन, कारण ३२ टक्क्यांच्या संघाला ते शॉट देणं हा शहाणा सौदा होता. पण सौदा शहाणा असणं वेगळं आणि त्या संध्याकाळी फळणं वेगळं. शॉन मूरने १९ गुण काढले, तो याच शहरातला, कोलंबसचा. ते कोणत्याही रिपोर्टात नव्हतं आणि नसणारच.

अँडरसनबद्दल एक. टेक्सस सदर्नला हरवल्यावर लॉकर रूममध्ये ते पोरांना म्हणाले होते की पर्ड्यूचे व्हिडिओ जितके बघतोय तितकं वाटतंय की आपण यांना हरवू शकतो. ते बाहेर आलं आणि लोक हसले. व्हिडिओ बघणाऱ्याला ते वाक्य बढाईचं वाटत नाही. त्यांनीही बहुधा पेन स्टेटची ती शेवटची मिनिटं बघितली असणार.

दोन दिवसांनी एफडीयू फ्लोरिडा अटलांटिककडून ७८-७० हरलं. त्याचा स्काउट कोणी विचारत नाही.

२८ डिसेंबर, शनिवार

भाचा नाताळात आमच्याकडेच. त्याच्या डोक्यात बसलंय की ईडीभोवती गर्दी हेच उत्तर. म्हणून मुद्दाम ८ एप्रिल २०२४ लावला: ग्लेनडेल, अ‍ॅरिझोना, राष्ट्रीय अंतिम सामना, पर्ड्यू विरुद्ध कनेक्टिकट.

तोच ईडी, तोच कोच मॅट पेंटर, स्मिथ आणि लॉयर वर्षभराने मोठे. पण संघ बदललेला. थ्री आता ४० टक्क्यांच्या घरात, देशात अगदी वरच्या. गेल्या वर्षीचं पान यांना लावलं तर होरपळून निघाल. कनेक्टिकटने उलटं केलं. ईडीच्या मागे ७ फूट २ इंचाचा क्लिंगन उभा केला, बहुतेक वेळ एकटा, आणि बाकी चौघे शूटरांना सोडून हललेच नाहीत. ईडीने २५पैकी १५ शॉट टाकले, ३७ गुण. पर्ड्यूला सगळ्या सामन्यात थ्री टाकायला मिळाल्या ७, गेली १. निकाल कनेक्टिकट ७५, पर्ड्यू ६०. ईडी सोडून बाकी सगळ्यांचे २३ गुण.

एका वर्षात उत्तर उलटं झालं, कारण "काय सोडायचं" यातल्या वस्तूची किंमत बदलली. भाचा बराच वेळ दोन्ही बॉक्स स्कोअर शेजारी ठेवून बसला.

मग त्यानेच खोड काढली. "मामा, टेनेसीनेही असंच केलं ना?" केलं, बरचसं. त्याच स्पर्धेत, त्याच्या आठवडाभर आधी. ईडीने ४० काढले आणि पर्ड्यू ७२-६६ जिंकलं. एकट्यावर सोडायचं तर मागे उभा असणारा क्लिंगनसारखा हवा, आणि दुसऱ्या टोकाला ७५ गुण करणारं आक्रमण. कागदावर तीच ओळ लिहायला पैसे पडत नाहीत.

४ जानेवारी २०२५, शनिवार

खरा प्रतिस्पर्धी. पुढच्या शनिवारी, त्यांच्या जिममध्ये. सेंटर दांडगा, पोस्टमध्ये दोन्ही हातांनी वळतो. बचावात २-३ झोन (माणूस न धरता जागा राखणं, पुढे दोघे, मागे तिघे). दोन शूटर, आणि १४ नंबरचा गार्ड, जो फारसा टाकत नाही.

भाच्याच्या शीटमधली एक ओळ, जशीच्या तशी: "१४ आणतो / घड्याळ २४ / डाव्या विंगकडून पोस्ट / मदत वरून, १४च्या माणसाची / किक-आउट १४ / पंप फेक, परत पास / टर्नओव्हर." (किक-आउट म्हणजे आतून बाहेर पास, पंप फेक म्हणजे शॉटचा नुसता आव.) अशा बऱ्याच ओळी आहेत. १४ला चेंडू मोकळा मिळतो आणि त्याला तो नकोसा असतो.

पानाच्या डोक्यावर त्याने लिहिलं: "सोडायचं: १४ नंबर, सगळीकडे." मी काही बोललो नाही.

९ जानेवारी, गुरुवार

कोचने पान परत दिलं. लाल पेनाने निम्मं खोडलेलं. प्रतिस्पर्ध्यांच्या तिन्ही आउट-ऑफ-बाउंड्स (रेषेबाहेरून चेंडू आत टाकायच्या) डावांच्या आकृत्यांपैकी एक ठेवली, कारण बाकीचे दोन ते क्वचित खेळतात. सेंटरच्या उंचीची आणि वजनाची ओळ गेली ("दिसेलच"). "यांच्यात जिद्द आहे" हे वाक्य गेलं, त्याबद्दल मी कोचना मनातून नमस्कार केला. १४ नंबरची ओळ राहिली आणि तिच्याखाली रेघ आली.

झोनविरुद्धच्या भागात कोचने स्वतः एक भर घातली: चेंडू फ्री थ्रो रेषेवर पोचल्याशिवाय बाहेरचा शॉट नाही. भाच्याने तो भाग आकड्यांतून शोधायचा प्रयत्न केला होता. कोचने तो पंचवीसेक वर्षांच्या सवयीतून एका ओळीत लिहिला.

१२ जानेवारी, रविवार

काल गेलो होतो. पत्र्याची कमान असलेली छोटी जिम, लाकडी पायऱ्या, दोनेकशे माणसं.

१४ने पहिले दोन हवेत टाकले. तिसरा गेला. मग लागोपाठ आणखी दोन, तेही कोणी जवळ नसताना, आणि त्यांच्या बाकावर नाच सुरू झाला. आमच्या बाकावर दोघा-तिघांनी वळून भाच्याकडे बघितलं. तो लॅपटॉपवर मान घालून ओळी भरत होता, कान लाल. कोचने काही बदललं नाही. सेंटर अख्खा पहिला हाफ चेंडू मागत राहिला. दुसऱ्या हाफमध्ये १४चे शॉट पुन्हा बाहेर जायला लागले. जिंकलो, थोडक्यात, आणि त्यात आमच्या पोरांनी शेवटी टाकलेल्या फ्री थ्रोंचा वाटा कुठल्याही पानापेक्षा जास्त.

परतीच्या वाटेवर हॉटेलात बसून भाच्याने नमुन्यात एक नवी ओळ घातली. "काय सोडायचं"च्या खाली: "किती लागले की बदलायचं." त्याचं म्हणणं, गिलिसचा ९ थ्रीचा दिवस आधी कळत नाही, पण तिसऱ्या-चौथ्याला तरी काहीतरी ठरलेलं हवं. मी म्हटलं, तीन शॉटांवरून ठरवणार असशील तर एफडीयूने पाचव्या मिनिटालाच योजना फाडली असती. तो म्हणाला, मग पाच लिहू? सहा? शेवटी आकड्याची जागा रिकामी सोडून त्याने तो नमुना कोचला पाठवला.

आज सकाळी परत आला. रिकाम्या जागेत आकडा नाही. लाल पेनाने तीन शब्द: "मी सांगेन तेव्हा."